दम्याचे पत्रक : सातपूरच्या एका शाळेतला अनुभव

सातपूर परिसरातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षे शाळेच्या आरोग्यविषयक कामाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. ही जबाबदारी म्हणजे एरवी जंतनाशक गोळ्यांचे वाटप, त्यांची ऑनलाइन माहिती भरणे आणि प्रथमोपचार पेटीतला कापूस संपला की नवा मागवणे, एवढीच असते. दम्याचे काम मला कोणी नेमून दिले नव्हते. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी करायला मुख्याध्यापकांनी सांगितले आणि हजेरीपट घेऊन बसले, तेव्हा हे काम समोर आले.

पाचवी ते दहावीचे हजेरीपट एकाशेजारी एक ठेवले तर वर्षातले तीन काळ वेगळे दिसत होते : शाळा उघडून पहिला पाऊस पडल्यानंतरचे काही आठवडे, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पंधरवडा आणि डिसेंबर-जानेवारीतली कडाक्याची थंडी. या तिन्ही काळांत गैरहजर राहणाऱ्यांमध्ये काही नावे पुन्हा पुन्हा तीच होती. चिठ्ठ्यांवर ‘सर्दी-खोकला’, ‘ताप’ किंवा नुसतेच ‘बरे नव्हते’ असे लिहिलेले असे. साध्या सर्दीने एखादे मूल तीन दिवस घरी राहते. ही मुले आठवडाभर राहत आणि परत आल्यावरही पीटीच्या तासाला सुट्टी मागत.

आमचे बहुतेक पालक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करतात, घरे लहान आहेत, भिंतींना पावसाळ्यात ओल येते आणि २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी खोदलेल्या रस्त्यांची धूळ दप्तरावरसुद्धा बसते. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिकचे नाव आहे, हे ‘नाशिकची हवा म्हणजे औषध’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माझ्या पिढीला अजून पचत नाही. अर्थात दम्याचे सगळे खापर हवेवर फोडता येत नाही. घराण्यातली ॲलर्जीची प्रवृत्ती, अंथरुणातले धूलिकण-कीटक, झुरळे, घरातला विडी-सिगारेटचा धूर आणि सर्वांत नेमाने झटका आणणारी साधी विषाणूजन्य सर्दी, हे सगळे त्यात असते. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर वर्गात मुले पुन्हा एकत्र आली की सर्दी पसरते, आणि बाकीच्यांना नाकापुरती होणारी सर्दी या मुलांच्या छातीत उतरते.

मुलांच्या तपासणीची सरकारी सोय नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून, देशभर सुरू झाला; त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या ज्या तीस आरोग्यविषयक बाबी पाहायच्या असतात, त्यांत श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार, म्हणजेच दम्याचा गट आहे. पथक आमच्या शाळेतही वर्षातून एकदा येते आणि मन लावून काम करते. अडचण आजाराच्या स्वभावातच आहे. दात किडलेला असेल तर तो पथक येईल त्या दिवशीही किडलेलाच असतो, पण दम्याच्या मुलाची छाती त्या दिवशी अगदी साफ असू शकते. स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही आणि मूल ‘निरोगी’ म्हणून वर्गात परत जाते. हा आजार एका दिवसाच्या तपासणीत सापडत नाही, मुलाच्या वर्षभराच्या हकिकतीत सापडतो. आणि ती हकिकत थोडी घरी, थोडी गल्लीतल्या डॉक्टरांकडे आणि थोडी शाळेकडे असते.

म्हणून पहिले काम प्रश्नांचे झाले. ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी चार प्रश्न काढून दिले : गेल्या वर्षभरात श्वास घेताना छातीतून सुंसुं किंवा शिट्टीसारखा आवाज आला का, रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येते का, धावल्यावर किंवा हसल्यावर खोकला अथवा धाप लागते का, आणि वाफ घ्यायला किंवा इंजेक्शनला डॉक्टरांकडे जावे लागले का. मुद्दाम लक्षणेच विचारली, आजाराचे नाव विचारले नाही. मुलीला दमा आहे हे कागदावर आले तर पुढे लग्नाच्या वेळी कोणीतरी ते उकरून काढील, ही धास्ती आमच्या भागात आजही खरी आहे.

तेच चार प्रश्न पालकांना घरी भरायला दिले आणि मुलांना वर्गात वेगळे विचारले. दोन्ही उत्तरे जुळतील असे मला वाटले होते; पुष्कळदा ती जुळली नाहीत. आई रात्रीच्या खोकल्याबद्दल ‘नाही’ लिही आणि मुलगा सांगे, ‘मी उशीत तोंड घालून खोकतो, पप्पांची सेकंड शिफ्ट असते, ते नुकतेच झोपलेले असतात.’ सातवीतली एक मुलगी खो-खोच्या प्रत्येक सामन्यात वहीत गुण लिहायला बसे. गणितात हुशार, अक्षर वळणदार, त्यामुळे ती जागा जणू तिच्यासाठीच राखलेली. तिसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ‘मॅडम, धावलं की मला लागतं, म्हणून मी आधीच वही घेते.’ तिच्या आईने सगळीकडे ‘नाही’ लिहिले होते आणि ते तिने खोटे लिहिले नव्हते. आईने तिला धावताना पाहिलेच नव्हते.

त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे आले. आमच्या मुलांचे डॉक्टर म्हणजे सातपूर कॉलनीतले, श्रमिकनगरातले, सिडकोतले फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडे जायची वेळ संध्याकाळची, आणि त्याच वेळी बाकड्यावर रुग्ण दाटीवाटीने बसलेले असतात व औषध कंपनीचे प्रतिनिधी काळी बॅग घेऊन दारात उभे असतात. बाईंचा निरोप आणि मुलांची उत्तरे घेऊन मी त्यांच्यात बसत असे. काहींनी ‘हे आमचं काम आहे, तुम्ही शिकवा’ या अर्थाचे बोलून वाटेला लावले. पण ज्यांनी बसवून घेतले, त्यांच्याकडून मला दुसरी बाजू कळली. एक ज्येष्ठ डॉक्टर पंपाबद्दल, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून घ्यायच्या इनहेलरबद्दल, म्हणाले, ‘मॅडम, मला पंप माहीत नाही असं नाही. पण मी पंप लिहिला की आई ती चिठ्ठी घेऊन पुढच्या गल्लीत जाते. तिकडे सिरप आणि इंजेक्शन मिळतं, पोरगं सकाळी शाळेत जातं. मग मी कशाला लिहू?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांचे म्हणणे मला अजूनही रास्त वाटते. एकट्या डॉक्टराने उपचार सुधारायचे ठरवले तर त्याचा रुग्ण जातो. परिसरातल्या बऱ्याच डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली तरच ती टिकते.

त्यामुळे बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्या भागातल्या डॉक्टरांच्या मासिक बैठकीत हा विषय मांडला आणि मला पाच मिनिटे बोलायला दिली. पुढची चर्चा त्यांच्या भाषेत झाली, तरी गाभा मला समजला. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि झटका नसतानाही ती राहते. झटक्याच्या वेळी नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. झटक्याच्या वेळी दिले जाणारे साल्ब्युटॅमॉल हे औषध आवळलेले स्नायू तासाभरापुरते, काही तासांपुरते सैल करते, पण सुजेला हात लावत नाही. सुजेसाठी ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखे स्टेरॉइड श्वासातून, रोज, बरे वाटत असतानाही घ्यावे लागते. आमच्या मुलांना झटक्याचे उपचार मिळत होते, सुजेचे जवळजवळ कोणालाच मिळत नव्हते. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर २०१९पासून बारा वर्षांवरील रुग्णांना नुसत्या साल्ब्युटॅमॉलवर ठेवू नये असे स्पष्टच म्हटले आहे, आणि आमची आठवी-नववीची मुले त्याच वयातली.

या बैठकीतून एक पानाचे पत्रक तयार झाले. वरच्या भागात रोजचे औषध, त्याचे नाव आणि किती फवारे; मधल्या भागात त्रास वाढू लागल्याची चिन्हे आणि तेव्हा काय करायचे; खालच्या भागात धोक्याची चिन्हे आणि फोन क्रमांक. डॉक्टरांनी भरायचे, पालकांनी संमतीची सही करायची, एक प्रत घरी आणि एक शाळेत. पहिल्या मसुद्यात आम्ही ‘निळा पंप’, ‘तपकिरी पंप’ असे लिहिले होते. एका डॉक्टरांनी ते लगेच खोडले : आपल्याकडे कंपनीगणिक रंग बदलतात, शिवाय मोठ्या मुलांना कधी रोजचे आणि झटक्याचे दोन्ही काम करणारा एकच पंप दिला जातो, तेव्हा औषधाचे नावच हवे, तेही देवनागरीत. डॉक्टरांचे अक्षर देवनागरीतही डॉक्टरांचेच असते, हा भाग वेगळा.

शाळेत औषध ठेवायला संस्थेची परवानगी मिळवणे हा मात्र सगळ्यांत रेंगाळलेला भाग होता. काही बरेवाईट झाले तर शाळा जबाबदार, ही सचिवांची भीती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली कायदा बदलून शाळांना आपत्कालीन साल्ब्युटॅमॉलचा पंप स्वतः विकत घेऊन ठेवण्याची मुभा दिली गेली, हे मी सांगितले. त्यावर ‘ते इंग्लंड झालं’ असे अपेक्षित उत्तर आले. शालेय व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्यांनी ‘दम्याने कोणी मरत नाही’ असेही सांगून टाकले. जागतिक रोगभाराच्या २०१९च्या अंदाजांत जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतातले आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. हे आकडे बाईंनी लिहून दिलेले होते, ते मी वाचून दाखवले, तेव्हा सभा थोडा वेळ गप्प झाली. शेवटी मधला मार्ग निघाला : शाळा स्वतःचे कोणतेही औषध ठेवणार नाही, ज्या मुलाचे पत्रक भरलेले आहे त्याचा स्वतःचा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायचे पोकळ नळकांडे, ज्यातून फवारा सावकाश श्वासात घेता येतो), नाव लिहिलेल्या डब्यात, शाळेत राहील आणि पत्रकात लिहिले आहे तेवढेच दिले जाईल. आठवीपासून पुढची मुले पंप दप्तरात ठेवतील.

डबे कुठे ठेवायचे यावर निराळा वाद झाला. कार्यालयाचे म्हणणे, कुलूपबंद कपाटात. पण कपाटाची किल्ली लिपिकांकडे आणि लिपिक महिन्यातले कितीतरी दिवस वेतन पथकाच्या कार्यालयात किंवा बँकेत. पंप कुलपात असणे आणि नसणे यात झटक्याच्या वेळी काहीच फरक राहत नाही. डबे आता शिक्षक खोलीत उघड्या फळीवर आहेत.

पालक सभेत सर्वांत जास्त प्रश्न पंपाच्या सवयीबद्दल आले. ‘एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही’, ‘पंप हा शेवटचा उपाय’, ‘स्टेरॉइडने पोर खुजं राहतं’. कोजागरीला चांदण्यात ठेवलेल्या दुधातून दम्याचे औषध घेणारी कुटुंबे सभेत होतीच. डॉक्टरांनी त्यांची थट्टा केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. उंचीबद्दल त्यांनी खरे ते सांगितले : रोजच्या स्टेरॉइड पंपाने पूर्ण वाढ झाल्यावरची उंची साधारण एखाद्या सेंटिमीटरने कमी राहू शकते, पण वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांचा आणि न आटोक्यात आलेल्या दम्याचा तोटा त्याहून मोठा आहे. मात्र सभेचा नूर पालटला तो मात्रेच्या हिशेबाने. बाईंनी फळ्यावर लिहिले : साल्ब्युटॅमॉलचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, सिरपच्या पाच मिलीलीटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस फवारे. सिरप पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात जाते, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. फवारा जिथे हवा तिथेच जातो. मागच्या बाकावर बसलेले वडील मशीन शॉपमधले, रोज मायक्रोमीटर हाताळणारे. मिलिमीटर आणि मायक्रॉनमधला फरक ज्यांच्या हाताला ठाऊक, त्यांना मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम वेगळा समजावावा लागला नाही. ‘म्हणजे आपण उगाच हजारपट…’ असे एक जण म्हणू लागले, तेव्हा शेजारच्यानेच ‘हजारपट नाही, वीसपट’ म्हणून दुरुस्त केले.

प्रशिक्षण दोन दुपारी उरकले, पण ते सैल हाताने करून चालत नाही, हे तेव्हा कळले. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, तोंडाची नळी ओठांत घट्ट धरायची, एकच फवारा सोडायचा आणि त्यातूनच सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे; मग पुढचा फवारा. आमच्यातले निम्मे जण सुरुवातीला दोन-तीन फवारे एकदम दाबत होते. रोजचा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही, कारण पुसल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटून बसते. ज्यांना स्पेसर परवडत नव्हता, त्यांना डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून तो करून दाखवला. अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम देते हे दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९९९मध्येच दाखवलेले आहे. आणखी एक बारीक गोष्ट : पंपात साधारण दोनशे फवारे असतात, पण औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो, त्यामुळे रिकामा पंप भरलेला वाटतो. ज्या पंपांवर आकडा दिसत नाही, त्यांच्या डब्यावर आम्ही रेघा मारतो.

हे सगळे उत्तम कोणी शिकले असेल तर आमच्या मावशींनी. शिक्षक तासावर असतात, मावशी व्हरांड्यात असतात. जानेवारीतल्या एका सकाळी सहावीतला मुलगा कवायतीतून बाजूला होऊन पायरीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर ओढून. मी पोहोचले तेव्हा मावशींनी त्याचा डबा आणलेला होता आणि त्या त्याला ‘नाव सांग, वर्ग सांग, घरचा पत्ता सांग’ असे विचारत होत्या. मला वाटले, त्या त्याला धीर देत आहेत. त्या पाहत होत्या की तो पूर्ण वाक्य बोलू शकतो की दोन शब्दांत थांबतो. पत्रकात तसेच लिहिले होते : वाक्य पुरे होत नसेल, फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील, मूल गुंगल्यासारखे दिसत असेल, तर १०८ला फोन करायचा आणि फवारे चालू ठेवायचे; नाहीतर चार फवारे, एकेक करून, चार मिनिटे थांबायचे आणि गरज असल्यास पुन्हा चार. त्याचे पहिल्या चारांवर भागले. त्याला आडवा झोपवू पाहणाऱ्या एका सरांना मावशींनीच अडवले; धाप लागलेल्या मुलाला बसलेलेच ठेवायचे असते.

शाळेत काही बदल फुकटात झाले. झाडलोट आता शाळा सुटल्यावर, पाणी शिंपडून होते. डस्टर ओला असतो. मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळा जाळणे बंद झाले. ज्या वर्गाच्या भिंतीला ओल येते तो पावसाळ्यात पाचवीला द्यायचा नाही असे ठरले, पण खोल्याच कमी असल्याने दुसऱ्या वर्षी ते मोडले.

दुसऱ्या वर्षीच्या हजेरीपटात त्या नावांपुढच्या गैरहजेरीच्या खुणा विरळ झाल्या आहेत, विशेषतः दिवाळीनंतरच्या. तरी सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. बरे वाटू लागले की रोजचा पंप बंद होतो. त्यात पैशांचाही भाग आहे, कारण साल्ब्युटॅमॉल आणि ब्युडेसोनाइड अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असले तरी कंत्राटी कामगाराच्या घरी दर महिन्याचा तो खर्च जाणवतोच. अनेक पत्रके सहीविना परत आली. आमच्याच भागात अजूनही खोकला म्हटले की इंजेक्शन देणारे दवाखाने आहेत आणि तिथली गर्दी कमी झालेली नाही. ज्येष्ठ डॉक्टरांचे मात्र म्हणणे असे की, आता आईच पत्रक घेऊन येते आणि ‘हे भरून द्या, शाळेत मागतात’ म्हणते. पंपाचा विषय त्यांना काढावा लागत नाही. माझ्या मते झालेला खरा फरक हाच, आणि तो कोणत्याही औषधाने झालेला नाही.

आता पत्रक प्रवेश अर्जाला जोडले जाते आणि दर जूनमध्ये नवे भरून घेतले जाते, कारण वय आणि वजनाबरोबर औषधही बदलते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल तेव्हा मुलांच्या उत्तरांची वही आम्ही आधीच त्यांच्यासमोर ठेवतो. या वर्षी एक निराळीच अडचण आली : दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचे केंद्र दुसऱ्या शाळेत होते आणि तिथल्या पर्यवेक्षकांना पंप म्हणजे काय, तो वर्गात का न्यायचा, हे सांगणारे आमचे कोणी नव्हते. परीक्षेआधी मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत पत्रकाची प्रत घेऊन मी केंद्रसंचालकांना भेटले. त्यांनी प्रत वाचली, पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तो पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवायला सांगितले. मुलाच्या बाकावर हवा, टेबलापर्यंत चालत जाण्यातच त्याचा दम खर्च होईल, असे मी म्हटल्यावर थोड्या चर्चेनंतर त्यांनी तेही मान्य केले.